सहाशे चाळीस ठिपके

माझ्या वयाच्या बहुतेकांनी पडद्यावरचा ठिपका कधी पाहिलेलाच नाही. पदार्थ अणूंचा बनलेला असतो हे जसं आम्ही पुस्तकात वाचलं, तसंच पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं हेही वाचलं. मी मात्र तो पाहिला आहे. कराडच्या भांड्यांच्या गल्लीत, दिगंबर तांबटांच्या माडीवर, एक जुना काचेचा मॉनिटर होता. मागे पोत्यासारखा फुगलेला. त्याच्या काचेला नाक लावलं की अक्षरांचे जिने दिसायचे. 'क'च्या गाठीवर चढायला चार पायऱ्या, 'श्री'च्या शेपटीवरून उतरायला सहा.

"रुंदीला सहाशे चाळीस, उंचीला चारशे ऐंशी," तांबटकाका सांगायचे. "एवढ्यात सगळं जग बसवायचं."

मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि आमचं घर त्यांच्या समोर होतं. ते जग मला पुरेसं वाटायचं.

काकांचा आणि ठिपक्यांचा संबंध मॉनिटरच्याही आधीचा. त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि विकलेल्या भांड्यावर नाव घालून देणं हे लहानपणापासून काकांचं काम. विजेची लेखणी घर्र करत स्टीलवर टेकायची आणि प्रत्येक टेकणीला एक ठिपका. लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या, कुणाच्या तरी स्मरणार्थ देवळाला दिलेली पिंपं. घरोघरी मांडणीवर काकांचं अक्षर होतं. त्या वेळी कुणाचं भांडं कुणाकडे राहिलं तर ते आपोआप परत यायचं, कारण त्याच्या कडेवर मालकिणीचं नाव आणि लग्नाची तारीख असायची. माझ्या बारशाच्या वाटीवरचं नावही त्यांनीच घातलेलं. त्यावरून ते मला कायम टोमणे मारायचे.

"सीमा ठेवलं असतं, उमा ठेवलं असतं. ऋजुता! पहिल्याच अक्षराला पंचेचाळीस ठिपके. तुझ्या बापाला सांगितलं होतं, वाटी लहान आहे, नाव परात भरून आहे."

नंतर संगणक आले. कमी ठिपक्यांत वाचता येईल असं देवनागरी अक्षर काढणारा माणूस पुण्याच्या एका कंपनीला हवा होता, आणि असा माणूस कराडच्या भांड्यांच्या गल्लीत बसलेला आहे हे कुणीतरी त्यांना सांगितलं. काकांनी आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करून अक्षरं काढली. ती काही वर्षं तिकिटांवर, पावत्यांवर, फलकांवर दिसत राहिली. मग पडदे बारीक होत गेले. ठिपके इतके लहान झाले, की अक्षर कसंही ओतलं तरी गुळगुळीत दिसू लागलं. हाताने ठिपके मांडणारा माणूस कुणालाच नको झाला. काका पुन्हा दुकानात बसू लागले. तोवर भांड्यांवर नावं घालून घेणंही लोकांनी सोडलं होतं.

त्यांचं काम परत आलं ते ज्या शोधामुळे, त्याच शोधावर माझं पोट चालतं. म्हणून तो जरा नीट सांगते.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे असतील, तर डोळ्यापाशी त्यांच्यात किमान एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन लागतो. हातभर अंतरावर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, हे अंतर सुमारे शून्य पूर्णांक सतरा शतांश मिलिमीटर होतं. आजच्या साठ सेंटिमीटर रुंद पॅनेलवर आडवे सात हजार सहाशे ऐंशी बिंदू असतात. एक बिंदू या अंतराच्या निम्म्याहूनही लहान. म्हणजे चांगल्या डोळ्यांच्या माणसासाठीसुद्धा बरेचसे बिंदू वायाच जातात. आणि प्रत्येक बिंदूला वीज लागते, प्रत्येकाचा हिशोब करायला चिप लागते. लाखो घरांत हे गुणून पाहिलं की आकडा फार मोठा होतो.

नजरजुळत्या पॅनेलने यावर उपाय काढला. पॅनेलच्या कडेला बसवलेला बारीक कॅमेरा डोळा पाहतो. पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात पॅनेल हळूच एक सूक्ष्म फरक करतं. तो फरक जाणवला तर डोळा सेकंदाच्या पाचव्या भागात तिकडे वळतो. नाही जाणवला, तर वळत नाही. माणसाला पत्ताही न लागता अशा हजारो परीक्षा रोज होतात. बोट नेमकं कुठे टेकतं याचीही नोंद राहते. यावरून पॅनेल ठरवतं, की समोरच्या माणसाला किती बारीक दिसतं. त्याला जे बिंदू वेगळे दिसतच नाहीत ते दोन-दोन, तीन-तीन, चार-चार असे एकत्र बांधून टाकतं. वाचलेल्या विजेतली थोडी वापरून कडा गडद करतं, अक्षर रोज अगदी किंचित मोठं करतं. समोरच्याला चित्र कालच्यासारखंच ठळक दिसतं.

फक्त एक अडचण आली. बिंदू एकत्र बांधले की इंग्रजी अक्षरं तगायची आणि आपली जोडाक्षरं बुजायची. यंत्राने ती सुधारून पाहिली, पण अक्षरांभोवती भटक्या ठिपक्यांचा केर साठायचा. पहिलीच्या मुलांसाठी वाचनाचा संच करणाऱ्या पुण्याच्या 'बालाक्षर' या संस्थेला पुन्हा तोच प्रश्न पडला, की थोड्या ठिपक्यांत मराठी बसवणारं कुणी हयात आहे का?

काका हयात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

*

गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्या माडीवर पॅनेल बसवायला गेले. भौतिकशास्त्रात एमएस्सी केल्यावर मी पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीत लागले आहे. आई याला "शिकून सवरून भिंतींना भोकं पाडतेस" असं म्हणते.

भिंतीत खरोखरच भोकं पाडली. चौकट लावली, पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आणला, पॅनेल अडकवलं. काकू, म्हणजे कुमुदकाकू, खाली सतरंजी धरून उभ्या होत्या.

"पडलं तर?"

"पडणार नाही, काकू. आणि चौदा किलोचं पॅनेल सतरंजीत कसं झेलणार तुम्ही?"

"पॅनेलसाठी नाही गं, तुझ्यासाठी. त्या स्टुलाचा पाय कुरकुरतोय."

पॅनेल सुरू झालं. पहिली पायरी स्पर्शाची असते. पडद्यावर नऊ ठिकाणी एकेक फुली येते आणि तिच्या बरोबर मध्यावर बोट ठेवायचं असतं. काकांनी बोट लुंगीला पुसलं आणि नऊ वेळा टेकवलं. सगळ्यात मोठी चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आली. मी आजवर दोनेकशे घरांत पॅनेलं बसवली होती. इतका स्थिर हात मी पाहिला नव्हता.

"पन्नास वर्षं स्टीलवर काढलीत," ते म्हणाले. "स्टीलवर खोडता येत नाही."

दुसरी पायरी रेझोल्यूशनची. 'कायम' किंवा 'नजरजुळते' असे दोनच पर्याय. मी सवयीने 'नजरजुळते' निवडलं. सगळीकडे तेच निवडते. तिसरा प्रश्न आला, तो मी मोठ्याने वाचून दाखवला. "जुळणीत बदल झाल्यास कळवायचे का?"

"म्हणजे काय करणार ते?"

"मधूनमधून सूचना येतील. टुंग असा आवाज होईल."

"आवाज नको. काम करताना टुणटुण नको मला. या गल्लीत कासारांची ठोकाठोक ऐकत म्हातारा झालो, आता शांतता हवी."

मी 'नाही' दाबलं. पॅनेलने दहा मिनिटं काकांचे डोळे पाहिले आणि तीन हजार आठशे चाळीसवर थांबलं. चष्म्यासह अगदी चांगली नजर. काकांनी पडद्याजवळ नाक नेलं आणि नाराज झाले.

"ठिपका दिसतच नाही की गं."

"दिसायला नकोच आहे, काका."

"मग मजा काय त्यात?"

*

ऑगस्टमध्ये मला एका अनोळखी मुलीचा फोन आला. अनुष्का फडतरे, बालाक्षरची अक्षरकार.

"तांबट सरांच्या घरी पॅनेल तुम्ही बसवलंत ना? त्यात काहीतरी बिघाड आहे."

"कशावरून?"

"सर पहिले तीन महिने इतकं सुंदर काम पाठवत होते. गेल्या दोन संचांत... थांबा, वाचूनच दाखवते. पहिलीचा धडा आहे. 'आईने सुयांनी भाजी चिरली.'"

मला हसू आलं.

"पुढे ऐका. 'शेळ्या आणि बकया दयांमध्ये गेल्या. देवळाला शंभर पायया आहेत.'"

माझं हसू थांबलं. सुऱ्या, बकऱ्या, दऱ्या, पायऱ्या. 'य'च्या आधी येणारा तो अर्धा 'र', ती चंद्रकोरीसारखी आडवी रेघ, सगळीकडून नाहीशी झाली होती. मराठीत एवढ्याशा रेघेवर सुरीची सुई होते.

"त्यांना सांगितलंत?"

"मी एवढंच लिहिलं, की 'ऱ्य' तपासाल का? त्यांचं उत्तर आलं, 'य मी एकदा केला आहे, तुम्ही तोच पुन्हा पाठवला होता, त्यावरचा केर काढून परत दिला आहे.' ताई, हे त्यांना मी कसं सांगू? मी त्यांची अक्षरं बघून शिकले आहे. शुक्रवारी बैठक आहे आणि आमच्याकडे सगळे म्हणताहेत, की काम काढून घ्या. पॅनेलचा बिघाड निघाला तर मी त्यांना थांबवू शकते."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. मनापासून वाटत होतं, की बिघाडच असावा.

काका काम करत होते. त्यांची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. ते अक्षर मोठं करून कधीच पाहत नसत. अंगठ्याच्या नखाएवढं अक्षर आणि हातात पेन, बस. "मोठं करून बघणं ही फसवणूक आहे," ते म्हणत. "वाचणारा काय भिंग घेऊन बसणार आहे?" नखाएवढ्या त्या चौकोनात आडवे अठ्ठेचाळीस ठिपके असतात आणि ते त्यांतला एकेक वेचून काढत.

"ये, ऋजुता. पॅनेलचं काय विचारतेस, उत्तम चाललंय. उलट बाकीच्याच गोष्टी बिघडल्यात. वर्तमानपत्राची छपाई बघितलीस? शाई पसरते. औषधाच्या पट्टीवरची तारीख तर पूर्वी वाचता यायची. आता कसलाच दर्जा राहिला नाही. पडद्यावर बघ कसं स्वच्छ आहे."

काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. "दोन महिने झाले, कागदाला नावं ठेवतायत," त्या म्हणाल्या. "मला काही छपाई बिघडलेली दिसत नाही."

"तुझ्या डोळ्यांत नवीन भिंगं बसवलीत. तुला सगळंच छान दिसतं. मीसुद्धा."

"तेवढा एक दोष राहिलाय त्या भिंगांत," काकू म्हणाल्या.

मी पॅनेलचं सेटिंग उघडलं. तारखांची यादी होती. मार्च, तीन हजार आठशे चाळीस. मे, दोन हजार पाचशे साठ. मग एक हजार नऊशे वीस, एक हजार दोनशे ऐंशी, नऊशे साठ. ऑगस्टची तीन तारीख, सहाशे चाळीस.

बारा बाय बारा बिंदूंचा एकेक गठ्ठा. जवळजवळ एक मिलिमीटरचा एक ठिपका. मी चहाचा कप हातात तसाच धरून त्या आकड्याकडे पाहत राहिले. लहानपणीच्या मॉनिटरचीच रुंदी. फक्त ती काच चारशे ऐंशी ठिपके उंच होती आणि हे पॅनेल रुंद असल्यामुळे तीनशे साठ.

खात्री करणं भाग होतं. मी म्हटलं, "काका, एक तपासणी आहे. गडदपणा, आकार सगळं तसंच ठेवून मी फक्त बिंदू बदलते. दोनांतलं कुठलं जास्त रेखीव दिसतं ते सांगा."

पडद्यावर एक ओळ घेतली. आधी सहाशे चाळीस. मग पूर्ण सात हजार सहाशे ऐंशी. पुन्हा सहाशे चाळीस. माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं जिन्यासारखी तुटत होती आणि पुन्हा जुळत होती.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "बदललंस का?"

"हो."

"दोन्ही सारखीच आहेत की."

मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "सारखी कुठे? पहिल्याला सगळ्या कडा करवतीसारख्या होत्या. आताची बघा, कशी गोल आहेत."

काका पडद्याकडे पाहत राहिले, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. आयुष्यभर ठिपक्यात घालवलेल्या माणसाला मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आता किती आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आणि तू लावलंस तेव्हा?"

तेही सांगितलं.

"म्हणजे तो 'य' दोनदा आला नव्हता."

"नाही, काका. तो 'ऱ्य' होता."

"तिथे मला करडा डाग दिसला. मला वाटलं, केर आहे." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग एकदम विचारलं, "किती शब्द गेले असे?"

"एकशे तीस. सगळे अनुष्काने धरलेत. मुलांपर्यंत काही गेलेलं नाही."

"सुऱ्यांच्या सुया," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी त्यांना पुन्हा नऊ फुल्यांवर बोट ठेवायला लावलं. तसं करण्याची गरज नव्हती. आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकलेल्या माणसाची ती वाईट खोड आहे. या वेळची सगळ्यात मोठी चूक चार मिलिमीटर आली. हात मार्चसारखाच स्थिर होता. तो फक्त चुकीच्या जागी स्थिर होता.

*

डोळ्यांच्या डॉक्टर निंबाळकरांनी तासभर तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी, जिथे डोळा सगळ्यात बारीक पाहतो, तिथे रक्तवाहिन्यांतून गळती होती. डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याने त्याचं काम इतकं बेमालूम उचललं होतं, की कुणाला कळलं नव्हतं. आता उजवाही त्याच वाटेवर होता.

"इंजेक्शनं देऊ. आहे ते कदाचित टिकेल, कदाचित नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मे महिन्यात आला असतात तर बरंच काही धरता आलं असतं. वाचताना काही जाणवलं नाही?"

"कागदावर जाणवत होतं," काका म्हणाले. "पण पडद्यावर ठळक दिसायचं. म्हणून मी कागदाला दोष दिला."

परत येताना रिक्षात मी ते बोलले, जे दोन दिवस मला बोलता येत नव्हतं. "काका, 'नाही' मी दाबलं होतं. सूचना येऊ देत म्हटलं असतं, तर मे महिन्यातच कळलं असतं."

"टुणटुण नको असं मी म्हटलं."

"पण तो कसला प्रश्न आहे ते मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. मी फक्त आवाजाचं सांगितलं."

काकांनी 'असू दे' म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं आणि ते मला लहानपणापासून खोटं बोललेले नाहीत. काकू मध्ये बसल्या होत्या. त्यांनी एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, एक काकांच्या.

"रिक्षावाल्या दादा," त्या म्हणाल्या, "जरा हळू घ्या. मागे दोघंही तोंड पाडून बसलेत, सांडतील."

*

शुक्रवारच्या बैठकीआधी अनुष्काशी बोलायचं ठरलं. काकांनी पॅनेलवर तिला समोर घेतलं आणि नमस्कारही न करता म्हणाले, "मुली, पॅनेल ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे. मला आता सहाशे चाळीसच्या वर दिसत नाही. बारीक आकाराचे जे दोन संच मी पाठवले ते टाकून दे."

अनुष्काचा चेहरा उतरला. खाली पाहत ती कागद चाळत राहिली, मग म्हणाली, "सर, जाड आकाराच्या संचाचं काय करू?"

"म्हणजे?"

"सहाशे चाळीसच्या पायरीवरचा संच. आजी-आजोबांच्या पॅनेलवर मुलं वाचतात ना, तिथे हाच लागतो. तो माझ्याच्याने होत नाहीये. मला ते सगळे ठिपकेच दिसतात, अक्षर दिसतच नाही. डोळे बारीक करून बघते, लांब जाऊन बघते. आमच्याकडे सगळ्यांचीच नजर चांगली आहे आणि त्यामुळे कुणालाच सांगता येत नाही, की हे वाचता येतंय की नाही."

काका पुढे सरकले. "किती अक्षरं आहेत?"

"एक हजार चौसष्ट."

"पाठव. बारीक तू कर. जाड मी करतो. आणि संचावर स्पष्ट लिही, सहाशे चाळीसवर, अधू नजरेने तपासलेलं. लपवायचं नाही."

बैठकीत ते मान्य झालं. काकू म्हणाल्या, "म्हणजे आंधळं होण्याचीही नोकरी मिळाली तुम्हाला." आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

मी निघण्याआधी सूचनांचा पर्याय 'होय' करत होते. काकांनी माझं मनगट धरलं.

"ते नको. 'कायम' म्हणून दुसरं काहीतरी होतं, ते काय?"

"रेझोल्यूशन एका जागी बांधून टाकायचं. मग पॅनेल तुमच्या डोळ्यांप्रमाणे बदलणार नाही."

"तेच कर. सहाशे चाळीसवर बांध. आकार, गडदपणा, सगळं आज आहे तिथे बांध."

"काका, ऐका. नजरजुळते ठेवलं, तर नजर अजून कमी झाली तरी पॅनेल सांभाळून घेईल. चारशे ऐंशीला जाईल, तीनशे वीसला जाईल. तुम्हाला वर्षभर जास्त वाचता येईल. बांधून टाकलं तर एक दिवस..."

"एक दिवस दिसेनासं होईल."

"हो."

"आणि न बांधता?"

"तरीही होईल. पण फार उशिरा. आणि तोवर त्रास होणार नाही."

"म्हणजे माझ्या डोळ्यांचं काय चाललंय हे भिंतीला कळणार, तुझ्या कंपनीला कळणार, आणि मला सगळ्यात शेवटी." त्यांनी मनगट सोडलं. "ऋजुता, मार्चपासून आत्तापर्यंत माझी नजर पायरी पायरीने उतरत होती आणि मी इथे बसून शाईला शिव्या देत होतो. मला माझ्याच डोळ्यांचा निरोप आला नाही. ते चांगलं झालं का?"

मला शिकवलेलं सगळं विज्ञान उलट बाजूला होतं. वीज वाचते, डोळ्याला ताण नाही, माणूस सुखात राहतो. शिवाय एक साधी, भित्री इच्छा होती. काकांना आणखी एक वर्ष काहीच कळू नये, म्हणजे मलाही त्यांच्या तोंडून ते ऐकावं लागणार नाही.

"सूचना ठेवू या ना मग," मी म्हटलं. "टुंग वाजलं की कळेल."

"ते यंत्राने सांगितलेलं झालं. मला बघून कळायला हवं."

मी 'कायम' निवडलं. पॅनेलने दोनदा विचारलं, खात्री आहे का? दोन्ही वेळा मी काकांकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. कॅमेऱ्यावर पट्टी मी लावली. ती त्यांनीच कात्रीने कापून दिली होती, तिरकी.

*

त्यानंतर मी पॅनेल बसवताना तो तिसरा प्रश्न सगळ्यांना नीट समजावून सांगते. त्यामुळे माझं काम रोज दोन घरांनी मागे पडतं. बहुतेक लोक तरीही 'नाही' म्हणतात. त्यांचंही बरोबर असेल.

काका सप्टेंबरपासून जाड संच करत राहिले. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शनाची तारीख विचारायला मी फोन करायची आणि ते मला अक्षरांच्या बातम्या द्यायचे. 'ज्ञ' रुंदीला चौदा ठिपक्यांत बसला. 'ष्ट्र' बसत नव्हता, बारशाला आलेल्या पाहुण्यांसारखी दाटी झाली होती, शेवटी 'ट'चं पोट आत घेतलं. 'ऱ्य' त्यांनी नव्याने काढला. रेघ 'य'पासून एक ठिपका लांब ठेवली. अनुष्काने तो पहिलीच्या बारा मुलांना दाखवला. अकरा जणांनी सुऱ्या वाचलं. बारावा म्हणाला चाकू, कारण शेजारी चित्र होतं. काका यावर आठवडाभर खूश होते.

जानेवारीच्या एका मंगळवारी, दुपारी जेवायच्या वेळेला, त्यांचा स्वतःहून फोन आला. मी साताऱ्याला एका जिन्यात डबा उघडून बसले होते.

"कामात आहेस का?"

"नाही, बोला."

"आज सकाळी 'द्ध' घेतला. त्यात एक ठिपका हवा की नको हे ठरवायचं होतं. तासभर बघितलं. चष्मा पुसला, खिडकी उघडली, खिडकी लावली. कुमुदला विचारलं, इथे काही आहे का? ती म्हणाली, आहे. मला दिसला नाही."

मी डब्याचं झाकण लावलं.

"मग पॅनेल बंद केलं."

"काका, पुन्हा नजरजुळते करू या का? मी उद्या येते. अजून बरेच महिने..."

"नऊशे एकवीस झाली. उरलेली त्या मुलीला कळवली. ती म्हणते, मी येऊन तुमच्याजवळ बसून करते, तुम्ही सांगा फक्त. येऊ दे म्हटलं. 'द्ध' मात्र तिला सांगितलाय, एक ठिपका ठेव. कुमुदला दिसला म्हणजे आहे तो."

जिन्यातून कुणीतरी खाली उतरत होतं. मी डबा बाजूला घेऊन वाट दिली. मग विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

त्यांनी थोडा विचार केला. नेमकं सांगायचं असलं की ते असाच वेळ घेतात.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "खूपच वाटलं. पण सगळ्यात आधी मला कळलं, ऋजुता. मग कुमुदला सांगितलं, मग त्या मुलीला, आणि आता तुला."